सेराफिनाने जिंकलेले तास

सेराफिनाचा उजवा हात डाव्यापेक्षा काळपट आहे. लांब दांड्याच्या फळीवर पाव ठेवून तो भट्टीत सारायचा, हे काम ती आईच्या हाताखाली शिकली आणि तेव्हापासून तेच करते आहे. आमच्या रोक्कामारा गावात पूर्वी दोन भट्ट्या होत्या. वरच्या आळीतली बंद पडली, कारण तिथला मुलगा मिलानला गेला. आता सगळं गाव सेराफिनाचाच पाव खातं आणि सगळं गाव तिला ऐकवतं, की तुझ्या आईच्या पावाचं कवच कसं करकरीत असायचं, तुझ्या पावाला ती गोडी नाही. ती पाव कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणते, "माझ्या आईच्या वेळी तुम्हाला दात होते."

तिचा नवरा कानियो जर्मनीत मोटारींच्या कारखान्यात आहे. तो ऑगस्टात येतो, घराला रंग देतो आणि रंग पुरता वाळायच्या आत परत जातो. घरात सेराफिना आणि नीवेस, दोघीच.

नीवेस जन्मली तेव्हा तीन दिवस बर्फ पडत होता. घाटातला रस्ता बंद, सुईण म्हातारी, आणि मूल अडलेलं. खाली शहरातल्या दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. पोरगी जगली, पण हात, पाय आणि जीभ कधीच तिच्या हुकमात आले नाहीत. सासूने नाव ठेवलं नीवेस, बर्फाच्या माउलीचं. सेराफिना म्हणायची, "ज्याने घात केला, त्याचंच नाव माझ्या पोरीला."

मी गावच्या शाळेत भाषा शिकवायचो. प्राथमिक संपवून मुलं आमच्याकडे तीन वर्षांसाठी येतात. नीवेस आली तेव्हा अकरा वर्षांची होती. तिची चाकाची खुर्ची मागच्या बाजूला, गरम पाण्याच्या पाइपांजवळ असायची. अशा मुलांसाठी वेगळी शाळा काढायची पद्धत आमच्याकडे फार पूर्वीच मोडली. कायदा सांगतो, मूल कसंही असो, ते आपल्या गावच्या शाळेत आपल्या वयाच्या मुलांबरोबरच बसेल आणि त्याच्यासाठी एक जादा शिक्षक देणं शाळेला भाग आहे. आम्ही तिला आधाराची बाई म्हणतो. कायदा चांगला आहे. मी आयुष्यभर त्याची बाजू घेऊन भांडलो आणि अजूनही घेईन.

फक्त या बाईचे आठवड्याचे तास दरवर्षी कमी येतात. डॉक्टरांनी पूर्ण आठवडा लिहिलेला असतो, येतो अर्धा. मग आई-बाप कोर्टात जातात, आणि कोर्ट त्यांच्या बाजूने निकाल देतं. हे सगळ्यांना माहीत असतं. ऑगस्टात टोमॅटोचा रस बाटल्यांत भरायचा आणि सप्टेंबरात शाळेवर केस घालायची, असा आमच्याकडच्या काही घरांचा रिवाजच झाला आहे.

प्राथमिकच्या पाच वर्षांत नीवेसला दरवर्षी वेगळी बाई मिळाली. आधाराच्या बहुतेक जागा हंगामी असतात. खात्याच्या शिक्षक-यादीत ज्याचं नाव वर, तो आधी जागा निवडतो आणि जूनमध्ये सगळे मोकळे होतात. बाया सगळ्या चांगल्या होत्या. पण नीवेसची मान कशी धरायची, तिला पाणी कसं पाजायचं हे कळेपर्यंत वर्ष संपायचं. प्रत्येकीने तिला चित्रं दाखवली, प्रश्न विचारले, आणि जाताना तेच लिहून ठेवलं: मुलगी प्रतिसाद देत नाही.

आमच्याकडे पहिल्या वर्षी आली ती लोरेदाना. खोऱ्याच्या पलीकडच्या गावातून जुनाट गाडी खडखडवत यायची. अर्ध्या आठवड्याची जागा, अर्धा पगार. अंगाने जाड, चालणं संथ, बोलणं त्याहून संथ. शिक्षकांच्या खोलीत तिला आळशी म्हणायचे. मला वाटतं, ती घाईच्या जगात चुकून जन्मली होती.

एकदा मधल्या सुट्टीत ती नीवेसजवळ संत्रं घेऊन बसली आणि तिने विचारलं, "खाणार का गं?" उत्तर आलं नाही. लोरेदाना संत्रं सोलू लागली. तिची सोलायची तऱ्हा अशी, की साल एकसंध निघाली पाहिजे, मध्ये तुटली तर तिला वाईट वाटायचं. साल निघाली, आणि त्या वेळी नीवेसचे डोळे उजवीकडे वळले, खिडकीकडे. खिडकीत पाहण्यासारखं काही नव्हतं.

लोरेदानाने दुसरं संत्रं काढलं. "हेही खाशील?" साल निघता निघता डोळे पुन्हा उजवीकडे.

मग तिने तिसरं हातात घेऊन विचारलं, "आणि मी? माझा राग येतो का तुला?" सोलून झालं. डोळे डावीकडे गेले. लोरेदाना इतक्या मोठ्याने हसली, की मैदानातली मुलं खिडकीशी येऊन उभी राहिली.

नीवेस उत्तर देत होती: उजवीकडे म्हणजे हो, डावीकडे म्हणजे नाही. अकरा वर्षं देत आली असेल. ते निघून पोचायला एक संत्रं सोलण्याइतका वेळ लागत होता आणि तोवर विचारणारा पुढच्या प्रश्नावर गेलेला असायचा.

त्या हिवाळ्यात आमच्या वर्गाला संत्र्यांचा वास यायचा. कळत गेलं, की या मुलीला सगळं येतं. नद्या, राजधान्या, कुठल्या मुलाने कुणाची पेन्सिल पळवली, सगळं. तिला मतंही होती. मी एकदा हौसेने विचारलं, "नीवेस, माझा कवितेचा तास आवडतो?" सगळा वर्ग श्वास रोखून संत्र्याकडे पाहत होता. डोळे डावीकडे गेले. एवढ्या टाळ्या मला निवृत्तीच्या दिवशीही मिळाल्या नाहीत.

लोरेदानाने ही युक्ती भट्टीत जाऊन सेराफिनाला दाखवली. सेराफिनाने हात पुसले, पोरीसमोर पिठाच्या पोत्यावर बसली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुला मी या कुशीवर निजवते, ते दुखतं का?"

लोरेदाना सोलत होती. डोळे उजवीकडे गेले.

सेराफिना उठली, मागच्या खोलीत गेली, आणि तिने पोरीचा पलंग भिंतीपासून ओढून उलटा फिरवला, दुसऱ्या कुशीसाठी. कुणाची मदत घेतली नाही. पलंग ओक लाकडाचा होता.

पण लोरेदाना अर्धाच आठवडा असायची. उरलेल्या दिवशी वर्गात मी, माझ्यासमोर वीसेक पोरं, आणि मागे नीवेस. ती त्या दिवशी डोळे मिटून घ्यायची. सकाळी खुर्ची आत आली की मिटायची आणि दुपारी आई न्यायला आली की उघडायची. सेराफिनाला ते कळलं, कारण तिने पोरीलाच विचारलं होतं.

ती हेडबाईंकडे गेली. आमच्या हेडबाई ब्रिएंझा एकटीने तीन गावच्या शाळा सांभाळायच्या आणि मोटारीतच जेवायच्या. त्यांनी सेराफिनाला ऑफिसात बसवलं नाही, मागच्या दाराने बाहेर नेलं.

"हे बघ, मी मागून मला तास मिळायचे नाहीत. तू केस कर."

"कुणावर?"

"माझ्यावर! दुसऱ्या कुणावर? शाळेवर, खात्यावर, सगळ्यांवर. हात जोडते बाई, माझ्यावर खटला भर."

"तुम्ही रागावणार नाही?"

"अगं, निकाल लागला की पहिला पाव मीच घेईन तुझ्याकडचा. मात्र पावाचे पैसे देईन, नाहीतर लाच म्हणतील."

वकील पालादिनो गावचेच. अशा केसेस इतक्या चालवलेल्या, की त्यांना मजकूर पाठ होता. लोरेदानाने अहवाल लिहिला: मुलीला पूर्ण आठवडा आधार मिळाला, तर ती शिकेल. न मिळाला, तर आहे तेही जाईल. तो अहवाल मी वाचला होता. त्यात एकही शब्द फुगवलेला नव्हता.

निकाल मे महिन्यात आला. वर्ष संपतच आलं होतं, म्हणून पुढच्या सप्टेंबरपासून नीवेससाठी पूर्ण आठवड्याची जागा द्यावी, असा हुकूम झाला. सेराफिनाने शिक्षकांच्या खोलीत परातभर ताराल्ली पाठवली, बडीशेप घातलेली कडक, गोल बिस्किटं. सगळ्यांनी खाल्ली. लोरेदानाने एक उचलून तशीच हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी पाव आणायला गेलो, तेव्हा ती भट्टीबाहेरच्या बाकावर सेराफिनाजवळ बसली होती. मला पाहून दोघी थांबल्या नाहीत.

"पूर्ण जागा झाली, की ती सगळ्यांना दिसते, सेराफिना."

"दिसू दे. जागा तुझीच आहे."

"माझी कशी? यादीत माझ्यावर केवढे जण आहेत. अर्ध्या पगारासाठी एवढा घाट चढायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ही माझ्यापर्यंत आली. पूर्ण पगाराला येतील."

सेराफिनाने तिच्याकडे पाहिलं. "तुला हे माहीत होतं?"

"हो."

"अहवाल लिहिताना?"

"हो."

"मग तोंड का शिवलं होतंस?"

"काय सांगू तुला? की पोरीचे तास मागू नकोस, माझी नोकरी जाईल? तिला पूर्ण आठवडा हवाच आहे. मी खोटं कसं लिहू?"

"अगं माठ बाई," सेराफिना म्हणाली, "खोटं लिहायचंस ना." आणि तिने पदरासारखा बांधलेला पिठाचा रुमाल सोडून तोंडाला लावला.

तास सगळे मोजत बसले होते. हेडबाईंनी मोजले, वकिलांनी मोजले, आईने मोजले. आम्ही सगळे शाळेच्या कारभारात मुरलेले. अर्धी जागा हीच त्या बाईला इथे धरून ठेवणारी खुंटी आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सेराफिना वकिलाकडे गेली. मला सोबत नेलं, कारण वकिलासमोर तिची जीभ अडखळते.

"मला परत करायचाय," ती म्हणाली.

"काय?"

"निकाल."

पालादिनोंनी चष्मा काढला. "बाई, तो काय शिळा पाव आहे परत करायला? आपण जिंकलोय!"

"मला अर्धेच तास पुरे. लिहून द्या तसं."

"कुणाला लिहून देऊ? कमी द्या म्हणून कोर्टात जाणारी आई मी जन्मात पाहिली नाही. मास्तर, तुम्ही तरी समजवा हिला."

मी समजावलं नाही.

मग हेडबाई. या वेळी सेराफिना नीवेसची खुर्ची ढकलत घेऊन आली आणि थेट ऑफिसात शिरली.

"सेराफिना, ऐक," हेडबाई म्हणाल्या. "ते तास तुझे नाहीत, हिचे आहेत. तू आई असलीस तरी ते कमी कर म्हणून मला सांगू शकत नाहीस. आणि मी कमी केले, तर उद्या मला कोर्टात उभं करतील, आणि तेव्हा मी खरंच गुन्हेगार असेन."

"तास हिचे आहेत ना? मग हिलाच विचारा."

"काय विचारू?"

"लोरेदाना अर्धा आठवडा हवी, की दुसरं कुणीतरी पूर्ण आठवडा. विचारा. आणि थांबा."

संत्र्यांचा मोसम संपला होता. सेराफिनाने खिशातून लिंबू काढलं. हेडबाईंनी नीवेसच्या डोळ्यांसमोर वाकून नीट विचारलं: लोरेदानाबाई अर्धा आठवडा हवी असेल तर उजवीकडे, दुसरं कुणी पूर्ण आठवडा हवं असेल तर डावीकडे. टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला. लिंबाची साल मेजावर लोंबत होती. नीवेसचे डोळे हलले आणि उजवीकडे जाऊन तिथेच राहिले, बराच वेळ, जणू आम्हाला दिसलं नसेल अशी तिला शंका होती.

हेडबाई खुर्चीत बसल्या. "दिसलं मला. खरंच दिसलं. पण हे मी कुठे मांडू? कायदा तास देतो गं. माणूस देत नाही."

"मग कायदा कशाला केला?"

"हेही नव्हतं पूर्वी," हेडबाई म्हणाल्या. ते खरं होतं. सेराफिना खुर्ची ढकलत बाहेर पडली. लिंबू मेजावरच राहिलं.

त्या उन्हाळ्यात कानियोने घराला पिवळा रंग दिला. संत रोक्कोच्या मिरवणुकीत सेराफिना अनवाणी चालली. आमच्या गावात लोक पाऊस, नोकरी आणि गुडघे यांसाठी अनवाणी चालतात. यादीत वरचे सगळे आळशी निघू देत, असा नवस करणारी ती पहिलीच असावी.

सप्टेंबरात शाळा उघडली तेव्हा जागेवर कुणीच नव्हतं. नीवेस पहिले काही आठवडे घरीच होती. मग ग्रात्सियानो आला. त्याचं नाव यादीत लोरेदानाच्या कितीतरी वर होतं, आणि ते रास्त होतं. दोन पदव्या, अशा मुलांना शिकवण्याचं खास शिक्षण, वागायला विनयशील. नीवेससाठी स्वतःच्या पैशाने चित्रावरून उत्तर निवडायचं यंत्र घेऊन आला. त्याच्याबद्दल वाईट बोलावं असं माझ्याकडे काही नाही. लोरेदानाला तोवर दूर समुद्राकडच्या एका गावात अर्धी जागा मिळाली होती. तिने त्याला फोन करून सगळं सांगितलं. सेराफिनाने सांगितलं. मी सांगितलं. त्याने सगळं ऐकलं, पटलं म्हणाला, आणि तो उत्तरासाठी थांबायला लागला.

काही दिवस थांबला. पण वर्गात गप्प बसून थांबणारा माणूस काम करत नाही असं दिसतं. मुलं वळून पाहतात, दारावरून जाणारे पाहतात, भरायचे तक्ते पडलेले असतात. त्याचं थांबणं आखडत गेलं. "नीवेस, हे की ते? ...हे? शाब्बास!" आणि पुढचं चित्र. त्याला ते उत्तर खरंच दिसत होतं, असं मला वाटतं. मायेच्या माणसाला दिसतं तसं.

मी माझ्या तासाला एकदा संत्रं घेऊन बसलो. अर्धं सोलून होतंय तोवर खिडकीपाशी मारामारी जुंपली. ती सोडवून परत आलो, तर नीवेसचे डोळे वळलेले होते. पण मी विचारलेल्या प्रश्नासाठी वळले होते, की मारामारी पाहायला, ते मला सांगता येईना. पुन्हा विचारलं. तिने डोळे मिटले.

नाताळाआधी ग्रात्सियानोची आई अंथरुणाला खिळली आणि तो रजेवर गेला. त्याच्या जागी एक मुलगी आली. तिला दुसरीकडे बरी जागा मिळाली, मग आणखी एक. ग्रात्सियानो आल्यापासून तास मात्र एकही चुकला नाही. निकाल अक्षरशः पाळला गेला. हेडबाई त्या बाबतीत फार काटेकोर होत्या.

ईस्टरला लोरेदाना मुद्दाम भेटायला आली. पिशवीभर संत्री आणली होती, हंगामातली शेवटची. भट्टीत नीवेससमोर बसली आणि विचारलं, "ओळखलंस का मला?" सोलायला घेतलं. मी आणि सेराफिना मागे उभे होतो. साल निघाली, एकसंध. नीवेस तिच्याकडे एकटक पाहत होती. डोळे उजवीकडेही गेले नाहीत, डावीकडेही नाही. लोरेदानाने दुसरं संत्रं घेतलं, मग तिसरं. नंतर ती तिची गाडी सुरू न करताच बराच वेळ आत बसून राहिली. सेराफिनाने काचेवर टकटक करून पाव दिला.

याला बरीच वर्षं झाली. शाळा संपली, की कायद्याचे तासही संपतात. नीवेस आता मोठी बाई झाली आहे. भट्टीच्या उबेला खुर्चीत बसते. गिऱ्हाइकं प्रेमळ आहेत. "काय नीवेस, मजेत ना?" म्हणतात आणि पाव उचलून जातात.

गेल्या वर्षी बातमी आली, की आता नवा नियम झाला आहे. आई-बापांनी मागणी केली, तर काही अटींवर तीच आधाराची बाई पुढच्या वर्षीही राहू शकेल. मी वर्तमानपत्र घेऊन भट्टीत गेलो. न्यायला नको होतं की न्यायलाच हवं होतं, कोण जाणे. सेराफिनाने बातमी सगळी वाचून घेतली.

"चांगलं केलं," ती म्हणाली. "कुणाच्या तरी पोरीला होईल." मग पावाला बोटाने ठोकून आवाज ऐकला. "तुमचा अर्धा, की पूर्ण देऊ, मास्तर?"

मी एकटा माणूस. अर्धाच घेतो.

दुपारी दुकान बंद झालं, की ती पोरीला आत नेऊन आडवी करते. वाढत्या अंगाबरोबर नीवेसची पाठ दुसरीकडे वाकत गेली, त्यामुळे तेव्हाचं उत्तर आता उपयोगाचं नाही. सेराफिना पलंगाच्या कडेवर बसते, विचारते, "आज कुठल्या कुशीवर?" आणि संत्रं सोलते. उन्हाळ्यात लिंबू. साल पूर्ण निघेपर्यंत पोरीच्या डोळ्यांकडे पाहत राहते. डोळे कुठेच वळत नाहीत. मग एक दिवस उजव्या कुशीवर निजवते, एक दिवस डाव्या. दोन्हींतली एक दुखत असणार, एवढं तिला माहीत आहे.